लसणाच्या बरणीतला मधकेक

मित्रांनो, मी जुनी आहे, जाड आहे आणि माझ्या पोटात लसणाचा वास कायमचा बसलेला आहे. मी मातीची बरणी. मला स्वतःला वास येत नाही, चव कळत नाही. ऐकू येते, दिसते, आणि अंगाला गार-गरम कळते, तेही जरा उशिराच. तरीही एका नाताळची हकिकत मी तुम्हाला सांगणार आहे, कारण त्या नाताळात जी चूक झाली ती माझी नव्हती, पण पोट माझे होते.

आम्ही दोघी जुळ्या बहिणी. एकाच कुंभाराने, एकाच चाकावर, एकामागून एक आम्हाला घडवले. तीच तपकिरी झिलई, तेच दोन कान, तेच रुंद तोंड. भट्टीतून काढल्यावर त्याने आम्हाला टिचकी मारून पाहिली आणि आवाजही सारखाच आला. पोलंडच्या पूर्वेकडे, जंगलाला लागून असलेल्या एका गावात तेव्हा साबिना नावाची नवी नवरी आली होती. तिने जत्रेत आम्हाला उचलले, उलटेपालटे करून पाहिले, कुंभाराशी घासाघीस केली आणि काखेत एकेक धरून घरी आणले.

तिच्या घरी आमच्या वाटा वेगळ्या झाल्या. बहिणीच्या पोटात मधकेकाचे पीठ जाऊ लागले. मध, लोणी, दालचिनी, लवंग, सुंठ, जायफळ घालून मळलेले हे पीठ नोव्हेंबरात भरायचे, तोंडाला फडक्याचा दादरा बांधायचा आणि तळघरात पाच-सहा आठवडे मुरू द्यायचे. मग केक भाजायचा, त्याच्या थरांत आलुबुखाराचा मुरांबा लावायचा आणि नाताळच्या आदल्या संध्याकाळी तो पानात वाढायचा. माझ्या वाट्याला आले बीट. बिटाच्या फोडी, लसणाचे गड्डे, तमालपत्र आणि मिठाचे पाणी. आठवडाभर ते माझ्यात आंबे आणि त्याचे लालभडक आंबट सार होई. सार लोक भुरके मारून पीत, पण नाव केकाचे निघे. खोटे कशाला बोलू, मला बहिणीचा हेवा वाटे. एकदा तरी माझ्यात मध पडावा असे वाटे.

आमच्यावर कुणी कधी खूण केली नाही. खूण म्हणजे वास. आमची झिलई आतून बारीक तडकलेली आहे, तिच्यात वर्षानुवर्षे लसूण आणि लवंग जाऊन बसली. डोळे मिटून नाक आत घातले तरी कोण कुठली ते कळे. उन्हाळ्यात आम्ही तळघरात पालथ्या पडून असू, वर कोळी जाळी विणत, आणि आमची आठवण कुणालाही नसे.

पुढे साबिनाची बोटे सांध्यांतून सुजली. पीठ मळवेना. तेव्हा तिने आम्हा दोघींना सुनेच्या, बोगनाच्या, हवाली केले आणि स्वतः अंगणापलीकडच्या खोलीत राहू लागली. देताना म्हणाली, "नाकाने ओळखायच्या. चुकलीस तर नाताळचा सत्यानाश."

बोगना चुकली नाही. दरवर्षी ती आमच्यात तोंड घालून दीर्घ श्वास घेई, हसे आणि बरोबर बरणी उचली. तिचा केक गावात सासूच्या केकापेक्षा सरस ठरला. फक्त सासू तसे म्हणेना. साबिना पहिला घास खाऊन दरसाल काहीतरी खुसपट काढी. "दालचिनी झोपलीय." "मध ओतलायस की दाखवलायस?" फारच खूश असली तर म्हणे, "घशाखाली उतरला." बोगना आणि तिचा नवरा रोमान एकमेकांकडे बघून हसत. तो त्यांचा नाताळच होता म्हणा ना.

मग एका हिवाळ्यात घरातल्या सगळ्यांना ताप आला. सगळे बरे झाले. निदान आम्हाला तसे वाटले.

आमच्या तळघराचे झाकण स्वयंपाकघराच्या जमिनीतच आहे, त्यामुळे वरचे बोलणे आम्हाला ऐकू येते. त्या वर्षी वर काहीतरी बदलले होते. बोगना गाणे गुणगुणेनाशी झाली. दूध करपून धूर झाला तरी ती शेजारीच उभी असे, आणि रोमान धावत येई. "अगं, लक्ष कुठंय?" तो विचारी. "इथंच तर आहे," ती म्हणे.

नोव्हेंबर लागला तसे तिने एकदम जाहीर केले, "यंदा सगळं घरी करायचं. विकतचं काही आणायचं नाही."

"सगळं म्हणजे?" रोमानने विचारले.

"गवताच्या काड्यांच्या चांदण्या, कागदी साखळ्या, मेणबत्त्या. रीतीचे बाराच्या बारा पदार्थ. सुक्या फळांचं सरबत. चेरीची दारूसुद्धा मुरायला घातलीय मी."

"अगं, आपण चार माणसं. तू, मी, इगा आणि आई. चार माणसांना बारा पदार्थ?"

"असू दे," बोगना म्हणाली.

त्यांची मुलगी इगा आनंदाने ओरडली. ती दुसरीत होती आणि तिला कात्री फार आवडे. त्या दिवसापासून वर कात्रीची कुरकुर आणि डिंकाच्या बाटलीची ठकठक चालू झाली. बोगना न थांबता राबत होती. अळंबी भिजत घालणे, कोबी चिरणे, अक्रोडांना सोनेरी रंग देणे. तिच्या हातांचा आवाज येई, तिचा आवाज येत नसे. इगाने एकदा विचारले, "आई, ही चांदणी छान झालीय?" "छान," ती म्हणाली, आणि तो शब्द थंड भाकरीसारखा वाटला.

मग पीठ भरायचा दिवस आला. बोगना दिवा घेऊन खाली उतरली. तिने आम्हाला सरळ केले, जाळी पुसली. माझ्यात तोंड घालून श्वास घेतला. मग बहिणीत तोंड घालून घेतला. मग पुन्हा माझ्यात. तिचे नाक माझ्या झिलईला टेकले होते, इतकी ती आत आली होती. मी लसणाने भरलेली होते, मित्रांनो. मांजरसुद्धा मागे सरले असते.

ती मागे सरली नाही. दोघींच्या मध्ये बटाट्यांच्या पोत्यावर बसून राहिली.

वरून रोमान वाकून म्हणाला, "खाली हात देऊ का गं?"

"नको," ती म्हणाली.

त्याने झाकण लावून घेतले. तिने डोळे मिटले आणि आमच्यातली एक उचलली. ती मी होते.

अशी माझी हौस पुरी झाली. माझ्यात मध पडला, आणि पहिल्याच रात्रीपासून पीठ लसूण ओढू लागले. मला ओरडता येत नव्हते. शेजारी बहिणीच्या पोटात डिसेंबरात बीट पडले आणि तिच्यातली लवंग बिटात उतरू लागली. आम्ही दोघी भिंतीला पाठ लावून उभ्या होतो आणि वर सणाची तयारी चालली होती.

नाताळ आठवड्यावर आला तेव्हा बोगनाने माझ्यातले पीठ काढून केक भाजायला ठेवला. थोड्या वेळाने दार वाजले. रोमानची पावले आली आणि मध्येच थांबली. तो काहीतरी बोलत आत येत होता, ते वाक्यही अर्धेच राहिले.

"कसा येतोय वास?" बोगनाने विचारले. तिचा आवाज फार सपाट होता.

रोमानने बूट काढून दाराशी आपटले. मग म्हणाला, "नाताळसारखा."

खोटे नव्हते ते. त्या घरात लसूण आणि लवंग, दोन्ही वास नाताळचेच होते. त्यानंतर बटाटे आणायचे निमित्त करून तो खाली आला, माझ्यात डोके घातले, मग बहिणीचा दादरा सोडून तिचा वास घेतला. बोगना जिथे बसली होती त्याच पोत्यावर तोही बसला. वर गेला तो इगाला घेऊन फरच्या फांद्या तोडायला जंगलात गेला. तिथे त्याने तिला काय सांगितले ते मला ऐकू आले नाही, पण परतल्यावर इगा नेहमीपेक्षा फार शहाण्यासारखी वागू लागली.

नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी सारासाठी बिटाचे पाणी काढायला साबिना गुडघ्यांना शिव्या देत खाली आली. रोमान तिला धरून होता. तिने दादरा सोडला आणि नाक मुरडले.

"लवंग? बिटात लवंग? ही माझी मधाची बरणी आहे! म्हणजे मध कुठं घातला तिनं?"

रोमानने माझ्याकडे बोट दाखवले.

"अरे देवा! नाक भाड्यानं दिलंय का तुझ्या बायकोनं?"

"हळू बोल, आई. तिला वास येत नाही. तापापासून. चवही गेलीय बहुतेक."

"तिनं सांगितलं?"

"नाही. मी बघतोय. ती सांगेल म्हणून वाट बघत होतो."

"वर्षभर? बापावर गेलायस अगदी!" साबिना म्हणाली. मग बराच वेळ तिने बहिणीच्या काठावरून सुजलेले बोट फिरवले. "सार मी सावरून घेईन. केकाचं काय?"

"खायचा. आणि चांगला झालाय म्हणायचं. तिनं फार राबून केलंय सगळं, आई. आजच्या दिवस."

"मी कुणाच्या केकाला चांगलं म्हटलेलं नाही. माझ्या आईच्यासुद्धा नाही."

"मग आज म्हण."

त्याने मला वर नेले, घासले, आणि इगाने माझ्यात फरच्या फांद्या खोचून त्यांना काड्यांच्या चांदण्या टांगल्या. न बोलावलेल्या पाहुण्यासाठी टेबलावर एक ताट रिकामे ठेवायची तिथली रीत आहे. त्या ताटाशेजारी मला बसवले. म्हणून पुढचे सारे मी डोळ्यांनी पाहिले.

खोली सुंदर दिसत होती. साखळ्या, अक्रोड, मेणबत्त्या, रीतीप्रमाणे टेबलक्लॉथखाली पसरलेले वाळलेले गवत. इगाने खिडकीतून आकाशातली पहिली चांदणी पाहिली, ती दिसली की जेवण सुरू, आणि सगळे उभे राहिले. पवित्र पापुद्र्याचे, म्हणजे चर्चमधून आणलेल्या कागदासारख्या पातळ पोळीचे, तुकडे मोडून त्यांनी एकमेकांना शुभेच्छा दिल्या. साबिना सुनेला म्हणाली, "पुढच्या वर्षी तुझ्या पायांना जरा विसावा मिळो, एवढं काम करू नकोस." बोगनाने मान हलवली. ती स्वच्छ पुसलेल्या काचेमागे उभी असावी तशी दिसत होती.

सार झाले. मासा झाला. अळंबी भरलेल्या उकडलेल्या करंज्या झाल्या. बोगना कुणी काय खाल्ले ते बघत होती, स्वतः नुसती चावत होती. मग केक आला.

तिने चार तुकडे कापले. रोमानने घास घेतला आणि चेरीच्या दारूचा पेला लगेच तोंडाला लावला. इगाने डोळे घट्ट मिटून गिळला. साबिनाने मात्र सावकाश, पूर्ण चावून खाल्ला. सुनेने नेहमीसारखी मान खाली घालून वाट पाहिली.

"चांगला झालाय," साबिना म्हणाली. "फार चांगला झालाय, बोगना."

बोगनाने मान वर केली.

"आई," ती म्हणाली, "काय आहे त्यात?"

"अगं, म्हणजे काय? मध, दालचिनी..."

"तुम्ही चांगला म्हणालात. काय आहे त्यात?"

साबिनाने मुलाकडे पाहिले, मग हातातला चमचा खाली ठेवला. "लसूण," ती म्हणाली.

मला वाटले बोगना रडेल. ती रडली नाही. ती माझ्याकडे, माझ्यातल्या फांद्यांकडे बघत बोलू लागली. "म्हणजे ही होती. मी अंदाजानं उचलली. दोन्हींचा वास घेतला, काहीच नव्हतं. फेब्रुवारीपासून काहीच नाही. लसूण नाही, कॉफी नाही, इगाच्या केसांचासुद्धा वास नाही. झोपताना मी तिच्या डोक्यात नाक घालते आणि जणू भिंत हुंगते. वाटलं, सण मोठा केला, सगळं हातानं केलं, तर आतून काहीतरी हलेल. हललं नाही. मला आज काहीच वाटत नाहीये, आई. तुम्ही सगळे एवढे छान दिसताय, आणि मला काहीच वाटत नाहीये."

इगा खुर्चीवरून उतरली आणि आईच्या मांडीवर जाऊन बसली. रोमान म्हणाला, "मला माहीत होतं गं." आणि बोगना म्हणाली, "मग बोलला का नाहीस?"

साबिनाने आणखी एक तुकडा आपल्या ताटात ओढला. "मी वर्षभर तुझ्या मिठाला नावं ठेवली," ती म्हणाली, "आणि तू ऐकून घेतलंस. बावळट कुठली!" मग तिने तो तुकडा खाल्ला. सबंध.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोगनाने माझ्यातल्या फांद्या काढल्या आणि जुन्या सवयीने तोंड आत घातले. साबिना मागे येऊन उभी राहिली.

"काय येतंय?"

"काही नाही."

"सरक." म्हातारीने आपले मोठे नाक माझ्यात घातले. "लसूण आहे. जुना, भाजल्यासारखा. वर फरचा चीक, ओला. आणि अगदी तळाशी मध आहे थोडा. जळका नाही, चांगला आहे. ऐकतेयस ना?"

"ऐकतेय," बोगना म्हणाली. तिने परत तोंड आत घातले, आणि साबिनाने पुन्हा पहिल्यापासून सांगितले.

याला आता बरीच वर्षे झाली. बोगनाला अजूनही वास येत नाही. ती गुणगुणतेही क्वचितच. बदलले ते एवढेच, की दिवसातून अनेकदा ती विचारते, "काय येतंय?" आणि घरात जो असेल तो सांगतो. इगा तिला स्वतःच्या केसांचासुद्धा वास सांगते. आम्हा बहिणींच्या कानांना आता दोऱ्या बांधल्या आहेत, मला लाल आणि तिला पिवळी. नाताळला मधकेक होतो, आणि साबिना म्हणते, "दालचिनी झोपलीय." तेव्हा बोगना मान हलवते.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या बरण्यांना घासून उन्हात वाळवा, पालथ्या टाकून विसरू नका. आणि तुमच्या घरात कुणी एकाएकी गप्प होऊन फार मोठा सण करायला घेतला, तर त्याला विचारा, हात देऊ का. उत्तर "नको" असे आले तरी झाकण लावू नका. दोन पायऱ्या खाली उतरून बघा.