तेरा माणसांचं जेवण

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. चुकून नाही, समजून उमजून. स्वतःच्या कचेरीच्या कागदावर, स्वतःची सही ठोकून, खाली गोल शिक्का मारून लिहिलंत: ‘सदर महिला जून १९९७ मधील आइसलंड सहलीत सामान सांभाळणे व भांडी घासणे या कामांसाठी सोबत होती.’ अकरा दिवस जिच्या हातचं चापून जेवलात, तिच्या नावापुढे ‘स्वयंपाक’ लिहायला तुमची शाई संपली होती काय?

“आई, यात रांधायचं कायच नाय लिवलं,” शकू म्हणाली.

भामा भात वेळत होती. पातेलं तिरकं, पेजेची धार वाडग्यात. तिने धार मोडली नाही. “परत वाच.”

शकूने परत वाचलं. बारावी झालेली पोरगी, आवाज चढवून वाचत होती. ‘भांडी घासणे’पाशी मात्र आवाज बसला.

दाखला लागत होता तो खारघरसाठी. तिथल्या नव्या कॉलेजच्या वसतिगृहात खानावळ चालवायला बाई हवी होती, अर्जासोबत मोठ्या स्वयंपाकाच्या अनुभवाचा कागद मागितला होता. भामाला अनुभव किती? गव्हाणची मिठागरं गेली, शेत नव्या शहराच्या नकाशात गेलं, नवरा दयाराम त्याच सुमारास तापाने गेला. तेव्हापासून बारा वर्षं ती पनवेलच्या नोकरदारांना डबे देत होती. पण डबे खाणाऱ्यांची वही कोण ठेवतो? कागद मिळण्यासारखी जागा एकच होती, उरण नाक्यावरची, पहिल्या मजल्यावरची साहेबांची सहलीची कचेरी.

साहेबांच्या आईला भामाचा डबा जायचा. सहलीला ठरलेला आचारी निघायच्या पंधरा दिवस आधी पाय मोडून बसला. पासपोर्ट असलेला दुसरा कोणी मिळेना. भामाकडे पासपोर्ट होता. भाऊ मस्कतला होता, त्याच्याकडे जायचं म्हणून काढलेला. कधी गेली नव्हती. असा योग जुळला आणि गव्हाणची बाई जगाच्या उत्तर टोकाकडच्या त्या बेटावर जाऊन पोचली.

दहा प्रवासी. सगळे पनवेल-ठाण्याचे, पेन्शनीतले नाहीतर पेन्शनीला टेकलेले. अकरावे साहेब. बारावी भामा. तेरावी सिग्रून, तिथलीच, पन्नाशीची, पुरुषासारख्या खांद्यांची बाई. तीच गाडी चालवायची, तीच माहिती सांगायची. बेटाला गोल फेरा घालायचा, वाटेत बघण्यासारखं येईल तिथे थांबायचं, असा बेत.

पहिल्याच थांब्याला एक धबधबा होता. सगळे उतरले, भामाही उतरायला लागली.

“मावशी, तुम्ही कुठे?” साहेब दारातच आडवे.

“बगते की जरा.”

“पाहायचे पैसे त्या लोकांनी भरलेत, तुम्ही नाही भरलेत. तुम्ही जेवणाचं बघा.”

भामा पुन्हा मागच्या बाकावर बसली. पाच दिवस असंच. धबधबा आला की कांदे, बर्फाचा डोंगर आला की कणीक. काचेतून जेवढं दिसेल तेवढं दिसायचं. बाहेर मैलोन्‌मैल काळा दगड पसरलेला, वितळून वाहिलेला आणि वाहता वाहता गोठलेला. तिला तो दगड ओळखीचा वाटला. उलव्याच्या डोंगरात सुरुंग लावून फोडतात तोच. फक्त इथला अजून ताजा होता, अंगावर माती धरली नव्हती.

सहाव्या दिवशी गाडी उत्तरेच्या तळ्यापाशी आली आणि साहेबांचं गणित फसलं. तारीख सतरा जून. त्या देशाचा मोठा राष्ट्रीय सण. दुकानं बंद, पेट्रोलपंपावरचं उपाहारगृह बंद. स्टोव्हला लागणारे गॅसचे छोटे डबे आदल्या दिवशीच संपत आले होते. “उद्या पुढे घेऊ, इथे महाग आहेत,” असं साहेबच म्हणाले होते. सकाळचा चहा अर्धा उकळला आणि जाळ विझला. रात्रीच्या मुक्कामाला अजून तीनशे किलोमीटर होते.

बारा वाजले. प्रवाशांत विनायकराव म्हणून बँकेतले निवृत्त अधिकारी होते. साखरेचा आजार, जेवण वेळेवर लागायचं. त्यांच्या पत्नी कुमुदताई पर्समधली बिस्किटं मोजून त्यांना भरवत होत्या आणि दर बिस्किटागणिक साहेबांकडे बघत होत्या.

“अहो, ‘घरच्यासारखं गरम जेवण’ असं छापलंय ना तुमच्या पत्रकात?”

“वहिनी, परिस्थितीच अशी...”

“परिस्थिती कसली? सणवार बघून निघायचं नाही? ह्यांना घाम फुटलाय बघा.”

गाडी उभी होती ती पिवळ्या, उघड्या टेकडीखाली. जमिनीतून ठिकठिकाणी वाफा निघत होत्या. नासक्या अंड्यांचा वास. सिग्रून खाली उतरून एका लाकडी झाकणापाशी गेली, झाकण उचललं आणि आतून एक कळकट पत्र्याचा डबा काढला. त्यात काळसर पाव. कुमुदताईंनी इंग्रजीत विचारलं, मग सगळ्यांना सांगितलं, “हिच्या बहिणीचा आहे म्हणे. काल दुपारी पुरून ठेवला होता. जमिनीच्या उष्णतेवर भाजतात. चोवीस तास!”

प्रवाशांनी पावाचे फोटो काढले. तेरा माणसांना एकेक घास आला असता.

भामा मागच्या बाकावरून हे बघत होती. ती उठली. साहेब दारात होते.

“मावशी...”

“सरा शेठ. जेवनाचं बगते. तुमीच सांगितलंय ना?”

ती खाली उतरली. बेटावरच्या बघण्याच्या जागी जमिनीला पाय लावायची ही तिची पहिली वेळ. बसून तिने तळवा मातीला टेकवला आणि झटकन काढला. मग पुन्हा टेकवला, जरा बाजूला, मग आणखी बाजूला. नवी चूल बघताना बघतात तसं.

गव्हाणला थंडीत शेतावर पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, मीठ, ओवा. मडकं तोंडावर उपडं करायचं आणि भोवती पेंढा पेटवायचा. पाण्याचा थेंब नाही, तरी शेंगा मऊ. भामाची पोपटी साऱ्या गावात नावाजलेली. तिने तीच रीत धरली. स्वयंपाकाच्या एका डब्यात बटाटे, मीठ, ओवा, बोटभर तेल. पाणी नाही. झाकण नुसतं दाबलं, डबा सिग्रूनच्या खड्ड्यात ठेवून वर माती ओढली.

अर्ध्या तासाने काढला. बटाटे वरून कोमट, आतून कच्चे. झाकणाच्या फटीतून टेकडीचा सगळा वास आत शिरलेला. कुमुदताईंनी नाकाला पदर लावला.

“झाली का पोपटी?” साहेब हसले. “मावशी, हा काय तुमच्या गावचा उकिरडा आहे का? बसा गाडीत.”

“आणि पोपटीत कोंबडी घालतात ना हो तुमच्यात?” कुमुदताई म्हणाल्या. “कोंबडीचे डबे हेच नाहीत ना? नाही, आमचं आपलं विचारून ठेवलेलं बरं.”

भामा उभी राहिली. पाच दिवसांचं गिळलेलं सगळं तोंडाशी आलं, पण बोलली ती शांतपणे.

“ताई, डबे शेठचे. डाळ-तांदूळ शेठचे. जमीन या सिग्रूनबायची. माझं म्हनाल तर फक्त हे दोन हात हायेत. सा दिवस या हातांचंच जेवता. चालत नसतील तर आताच सांगा, मी बसते गाडीत.”

विनायकराव खिडकीतून म्हणाले, “कुमुद, गप्प बस. मावशी, तुम्ही लावा.”

भामाने बटाट्याचा डबा लांब ठेवला. आपलंच चुकलं होतं. आपण जाळाची रीत धरली. इथे जाळ नव्हता, वाफ होती. वाफेवर पोपटी लागत नाही. मोदक लागतात, पातोळ्या लागतात. तिथे पाणी हवं आणि तोंड बंद हवं.

तांदूळ आणि मुगाची डाळ तिने सवयीप्रमाणे सकाळीच भिजवली होती. दुपारच्या चहासाठी दोन थर्मास गरम पाणी मुक्कामावरून भरून आणलं होतं. “च्या नाय आज,” असं सांगून तिने ते सगळं पाच डब्यांत वाटलं. हळद, मीठ, जिरं, बटाट्याच्या बारीक फोडी, तुपाचा गोळा. मग कणीक घट्ट मळून लांब वळ्या केल्या आणि झाकणांच्या कडेने चिकटवून अंगठ्याने दाबत दाबत फट बुजवली. वर ओलं फडकं, फडक्यावर प्लास्टिकच्या पिशव्या, सुतळीच्या गाठी.

सिग्रून शेजारी उकिडवी बसून बघत होती. एकीला मराठीशिवाय येत नाही, दुसरीला मराठीचा गंध नाही. सिग्रूनने पहिल्या खड्ड्याकडे बघून नकारार्थी मान हलवली, फावडं घेतलं आणि वीसेक पावलं वर जाऊन दुसऱ्या जागी खणायला लागली. तिथली माती लाल होती, वाफ जोरात होती. तिने बाही वर करून कोपराखालचा भाजल्याचा जुना डाग दाखवला आणि खड्ड्याकडे बोट केलं: इथे, जास्त गरम. भामाने आपली बाही वर केली. तिच्याही हातावर तेवढाच डाग, कढईचा. दोघी हसल्या.

डबे पुरले तेव्हा एक वाजून गेला होता.

पुढचे दोन तास तिच्या आयुष्यातले सगळ्यात लांब तास होते. साहेब घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होते. “कच्चं निघालं तर लोक मला फाडून खातील,” असं दोनदा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा भामा म्हणाली, “मग तुमी दगडावर बसा. तुमच्या फेऱ्यांनी भात शिजायचा नाय.”

प्रवाशांत पहिल्यांदा हशा पिकला.

सव्वातीनला तिने माती बाजूला केली. पहिल्या डब्याची कणीक सुरीने कापली, झाकण उचललं. वाफ वर आली ती तुपाची आणि जिऱ्याची. टेकडीच्या वासाचा मागमूस नव्हता. तिने शीत बोटांत धरून चुरडलं. शीत मोडलं.

“पानं घ्या,” ती म्हणाली.

पहिलं पान विनायकरावांचं. ते दोन घास खाऊन थांबले, चष्मा काढून पुसला, पुन्हा जेवायला लागले. कुमुदताईंनी वाढून घेताना वर बघितलं नाही. दुसऱ्यांदा वाढून घेताना मात्र म्हणाल्या, “लोणचं असेल का हो मावशी?” साहेब उभ्याने जेवले आणि त्यांनीही दुसऱ्यांदा ताटली पुढे केली. सिग्रून डब्याच्या तळाची खरपुडी शोधत होती. वाफेवरच्या भाताला खरपुडी नसते, हे तिला कसं सांगायचं?

जेवण झाल्यावर सिग्रूनने खिशातून वही काढली, भामाच्या छातीकडे बोट केलं आणि भुवया उंचावल्या. नाव विचारत होती. सहा दिवसांत कोणी विचारलं नव्हतं. सगळ्यांचं ‘मावशी’वर भागत होतं.

“भामा दयाराम ठाकूर. गव्हाण.”

सिग्रूनने तिच्या अक्षरांत लिहून घेतलं. मग हात धरून तिला टेकडीवर न्यायला लागली.

“मावशी, भांडी!” साहेब खालून ओरडले.

“भांडी मी घासतो हो,” विनायकराव बाह्या सरसावत म्हणाले. “जाऊ द्या त्यांना.”

आणि खरंच घासली. बँकेतल्या अधिकाऱ्याने, बर्फासारख्या गार पाण्यात, तेरा ताटल्या आणि पाच डबे. हे सगळ्यांनी पाहिलं. साहेब, तुम्हीही पाहिलंत.

वर गेल्यावर भामाला सगळं एकदम दिसलं. तळं, तळ्यात काळी बेटं, पलीकडे जमिनीचा उघडा जबडा आणि त्यातून आभाळाला लागलेला धूर. वारा इतका की पदर धरावा लागत होता. ती किती वेळ उभी होती कोण जाणे. खालून हाक आली नाही. त्या दिवसापासून पुढच्या प्रत्येक थांब्याला ती उतरली. साहेबांनी अडवलं नाही. अडवायला तोंड नव्हतं.

आणि तरी हा दाखला!

कारण शोधायला फार लांब जायला नको. पुढच्या वर्षीच्या सहलीचं पत्रक छापून आलं होतं. गुळगुळीत कागद, टेकडीच्या वाफेत फावडं घेऊन उभे असलेले साहेब आणि खाली ओळ: ‘ज्वालामुखीच्या उष्णतेवर गरमागरम खिचडी! सोबत मुंबईचे नामांकित आचारी महाराज.’ आता दाखल्यावर खरं लिहायचं तर पत्रक खोटं पडतं. गव्हाणच्या आगरी विधवेने रांधलं, हे गिऱ्हाइकाला कोणत्या तोंडाने सांगणार?

“जाऊ दे ना आई,” शकू म्हणाली. “दुसरीकडून आनू कागद.”

“दुसरीकडं का? रांधलं तिथं, कागदबी तिथलाच.”

सकाळी ती धुवट नऊवारी नेसून उरण नाक्यावर गेली. कचेरीत एक जोडपं बसलेलं, समोर तेच गुळगुळीत पत्रक. साहेब हातवारे करून सांगत होते.

“मावशी, नंतर या. पार्टी बसलीये.”

“नंतर नाय.” तिने दाखला उलगडून टेबलावर ठेवला. “हे बदलून द्या.”

साहेबांनी कागदावर नजर टाकली, आवाज खाली आणला. “अहो, टायपिस्टची चूक असेल. बघू. आणि हे बघा, पुढच्या वर्षी परत नेतो तुम्हाला, काय? फुकट. उतरा, फिरा, सगळं बघा. झालं?”

“सही टायपिस्टची हाय?”

जोडप्यातल्या बाईंनी पत्रक खाली ठेवलं. “या कोण?” त्यांनी विचारलं.

“आमच्याकडे कामाला होत्या,” साहेब घाईने म्हणाले.

टेबलाशी एक खुर्ची रिकामी होती. या कचेरीत भामा सात-आठ वेळा आली असेल, दर वेळी दाराशी उभी राहून बोललेली. तिने खुर्ची ओढली आणि बसली. पाठ टेकून बसली.

“शेठ, मना फुकट कुठं जायचं नाय. बगायचं ते बगून झालंय. तेरा मानसं व्हती तिथं आनि तुमी दोनदा वाढून घेतलंत. आता या बाईंच्या समोर सांगा, ती खिचडी कोनी रांधली व्हती?”