लसणाचा खाखरा

मोबाइलवर जाहिरात द्यायचं खूळ माझंच. अख्खं जळगाव मोबाइलवर दिसतं, मग माझ्या सासऱ्यांचं, हीरालालजींचं, खाखऱ्याचं दुकानच का नको? जाहिरात कंपनीच्या वर्षभराच्या करारावर मी बाबूजींची सही घेतली. ऐन पर्युषणात, आम्हा जैनांच्या उपवासाच्या दिवसांत, जाहिरात झळकली: ताटभर खाखरे, वर लसणाची लालभडक चटणी, खाली ‘आमची खासियत’.

आमच्या दुकानात चाळीस वर्षांत लसणाची पाकळी आलेली नाही. उपवासाच्या पारण्याला जैन घरं डोळे मिटून आमचेच खाखरे नेतात. दुसऱ्याच दिवशी आमच्या जुन्या गिऱ्हाइकाच्या, बन्सीलालजींच्या घरून चार पाकिटं परत आली. ती गल्ल्यापाशी ठेवून त्यांचा माणूस निघून गेला. बाबूजींचा चेहरा बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी लगेच कंपनीत फोन लावला. तिथली सपना नावाची मुलगी एकच पालुपद लावून बसली: वर्षाच्या आत बंद करायचं तर कंपनीची चूक लेखी दाखवा, नाहीतर राहिलेले हप्ते भरा. कामगारांनाही अहो-जाहो करणारे बाबूजी त्या दिवशी तिला नको नको ते बोलले. आईबापांनी हेच शिकवलं का, इथपर्यंत.

पर्युषणाचा शेवटचा दिवस, क्षमेचा, संवत्सरी झाली. दरवर्षीसारखे बाबूजी दुसऱ्या दिवशी सकाळी नातेवाईक, व्यापारी, गिऱ्हाईक, एकेकाला फोन करून क्षमा मागत बसले. शेवटी त्यांनी मला सपनाचा नंबर लावायला सांगितला. घोळ त्यांनी घालायचा आणि क्षमा आपण मागायची? माझं डोकंच फिरलं. पण लावला.

“बेटा, हीरालाल बोलतोय, खाखरेवाला. तुझ्या आईवडिलांवर गेलो, ते चुकलं माझं. मिच्छामि दुक्कडं.”

फोन स्पीकरवर होता. पलीकडे सपनाने आवाज एकदम खाली आणला.

“आबा, तो फोटो दुसऱ्या दुकानाचा होता. घाईत मीच तुमच्या नावावर टाकला,” ती म्हणाली. “तसं लिहून द्या, करार लगेच रद्द होईल.”

मग तुझं काय, असं बाबूजींनी विचारलं. ती वरणगावहून रोज येते, नोकरीला तीनच महिने झालेत. बघू काय होतं ते, म्हणाली.

मी तर कागद-पेन घेऊन तयारच होते. बाबूजींनी सांगितलं, लिही, स्वेच्छेने बंद करतोय, हप्ते भरतो. मी पेन खाली ठेवलं. चूक त्यांची आहे हे आता लोकांना कळणार तरी कसं?

“रुची, सकाळी मागितलेली क्षमा दुपारी परत घेऊ का?” बाबूजी म्हणाले.

संध्याकाळपर्यंत जाहिरात उतरली. तीच चार पाकिटं घेऊन बाबूजी बन्सीलालजींच्या घरी निघाले. मीही गेले. बाबूजींनी तोंड उघडायच्या आत मी बोलून टाकलं की जाहिरात माझी, ती न बघता मंजूर केली तीही मीच, आमच्या घरात लसूण कधीच नव्हता. बोलता बोलता मला रडू आलं.

दिवस मावळल्यावर आमच्यात कोणी खात नाही; मावळायला अजून थोडा वेळ होता. बन्सीलालजींनी एक पाकीट फोडलं, खाखरा मोडून अर्धा बाबूजींच्या हातावर ठेवला आणि उरलेला स्वतः खाल्ला.