बोलणारी बादली

आश्रमाच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पडद्यावर थोरल्या बाबांचा फोटो झळकला. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती, गादीवर आता धाकटे बाबा होते. फोटो क्षणभर स्थिर राहिला. मग त्या मेलेल्या माणसाचे गाल थरथरले, ओठ हलले आणि धाकट्यांचा आवाज आला, "औषध म्हणजे अविश्वास!" चहूकडे हुंदके फुटले. शेजारी बसलेल्या माझ्या ताईचे जोडलेले हात सुटेचनात.

भाऊजींची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. डायलिसिस चुकवलं तर माणूस हातचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"ताई, उद्या भाऊजींना न्यायचंय ना?"

"आता कशाला? गेलेला माणूस येऊन सांगतोय, आणखी काय हवं तुला?"

माझं व्हिडिओ एडिटिंगचं दुकान आहे. असले चमत्कार माझ्या संगणकावर अधूनमधून होतात आणि मी त्यांना शिव्या घालतो. आश्रमाचे व्हिडिओ करणाऱ्या सेवेकऱ्याला गाठलं, तर तो कुजबुजला, "पहिल्यांदा चुकून झालं हो. पुढचा मी नीट केला, तर धाकटे बाबा भडकले. म्हणाले, आधीसारखाच कर."

पुढच्या सभेला मी त्याच्या हातापाया पडून माझा लॅपटॉप पडद्याला जोडला आणि त्याच व्हिडिओत थोरल्यांच्या जागी दुकानातल्या प्लास्टिकच्या बादलीचा फोटो लावला. बादलीचा काठ थरथरला, पोटावर दोन ओठ उमटले आणि बादली धाकट्यांच्याच आवाजात म्हणाली, "औषध म्हणजे अविश्वास!" लोक खो-खो हसले. ताईसुद्धा हसली. मला वाटलं, जिंकलो.

"मंडळी, व्हिडिओत प्रत्येक चित्र पूर्ण साठवलेलं नसतं," मी सांगू लागलो. "अधूनमधून एक पूर्ण चित्र, आणि मध्ये फक्त काय हललं त्याची नोंद. थोरल्यांच्या फोटोशिवाय इथून एकही व्हिडिओ बाहेर जात नाही. सेवेकरी तो फोटो आधी जोडतात, धाकट्यांचं सुरुवातीचं खाकरणं कापतात आणि घाईत फाइल नव्याने न घडवता दुसऱ्या फॉरमॅटमध्ये नुसती ओततात. भाजी तीच, डबा दुसरा. त्या कापाकापीत धाकट्यांचं पहिलं पूर्ण चित्र उडतं, उरतात नुसत्या हालचाली. त्या आधीच्या चित्राला चिकटतात. तिथे थोरले असोत की बादली!"

धाकटे बाबा शांतपणे उठले. डोळे मिटून म्हणाले, "वाहवा! हा पोरगा मला खोटं पाडायला आला आणि थोरल्यांनी याच्या बादलीतून दर्शन दिलं! अरे, तत्त्वाला भांड्याचं काय?"

टाळ्यांनी छप्पर उडायची वेळ आली. दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानासमोर रांग लागली, बादलीला हात लावायला. मी ओरडून घसा बसवला. पालथ्या घड्यावर पाणी.

भाऊजींना मात्र सगळं पटलं होतं. "तुझं बरोबर आहे रे," ते म्हणाले. "पण दवाखान्याचं नाव काढलं की ही रडते. म्हणते, तुमच्या अविश्वासाने कृपा उलटेल. हिचं मन कसं मोडू?" त्यांचे पाय सुजले, मग चेहरा. श्वास लागला तेव्हा मीच त्यांना गाडीत घातलं. डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात.

काही दिवसांनी ताई दुकानात आली. मोबाइलवर भाऊजींचा फोटो होता.

"यांना बोलतं कर."

"ताई, ती युक्ती आहे गं."

"कळलंय मला. तरी कर."

"चेहरा भाऊजींचा असेल, पण ओठ दुसऱ्या कुणाचे तरी हलतील."

"चालेल," ती म्हणाली.

मी संगणक बंद केला. तिने आश्रमाची वाट धरली. तिथे तिला कुणी नाही म्हणालं नाही.

वाचकहो, पडद्यावर मेलेला माणूस बोलला तर हात जोडण्याआधी विचारा, हा व्हिडिओ कुणी आणि कसा बनवला? घरात आजारी माणूस असेल तर तेही नंतर विचारा, आधी त्याला दवाखान्यात न्या. माझ्या लिहिण्याने काही बदलेल असं मला वाटत नाही. तरी लिहितोय, कारण माझ्या भाऊजींना जगायचं होतं.