तिसरी हाक

बाबा गेले त्याच्या पुढच्या आठवड्यात त्यांचं पार्सल आलं. घरी नाही, कस्टमच्या गोदामापर्यंत. परदेशातून मागवलेला, हातात मावणारा वायरलेस सेट होता. जुना घोगरा झाला म्हणून त्यांनी नवा मागवला, आणि नवा वाटेत असताना जुना हातात घेऊनच ते जिन्यावरून पडले. त्या सेटचे तुकडे आईने रुमालात बांधून कपाटात ठेवले आहेत.

बाबा हौशी रेडिओवाले. परीक्षा देऊन परवाना काढलेले, गच्चीवर काठी उभारून तार ताणलेले. रोज सकाळी गावातल्या अशा लोकांची हजेरी व्हायची. ती शिंपीकाका घेत. दुकानात शिवणयंत्राशेजारीच त्यांचा सेट असे. ते एकेकाची कॉल साइन, म्हणजे परवान्यावरची ओळखीची अक्षरं, सुटी सुटी करून उच्चारत आणि माणूस ‘हजर’ म्हणे. बाबा नेमके त्याच वेळी अंघोळीला जात. स्वयंपाकघराच्या खिडकीत सेट ठेवलेला. बेकरीवाल्याचं ‘हजर’ आलं की पुढचा नंबर बाबांचा, म्हणून आई ओरडायची, “अहो, आटपा. आलं तुमचं.” मग ओल्या पायांची धावपळ, फरशीवर तळं, आणि आईचं “चहा गार होतोय.”

सेटच्या बटणाला बाबांनी तिला कधी बोट लावू दिलं नाही. परवाना नसलेल्याने ते दाबायचं नसतं. एकदा मी गंमत म्हणून दाबलं तर दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते. बटण दाबलं की आपलं बोलणं जातं आणि ऐकणं बंद होतं, हे मात्र घरात सगळ्यांना पाठ होतं, कारण भांडणात बाबा ते आईला ऐकवत. “तू आधी बटण सोड, मग मी बोलतो.”

या लोकांत एक रीत आहे. कुणी गेलं की एका सकाळी हजेरीत त्याला तीनदा हाक मारतात, प्रत्येक हाकेनंतर थांबतात, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याची कॉल साइन गाळतात. शिंपीकाका भेटायला आले तेव्हा खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाले, “वहिनी, तुम्ही ऐकल्याशिवाय मी ती हाक देणार नाही. दुकानात या हवं तर.”

“दुकानात नको,” आई म्हणाली. “माझ्या खिडकीत ऐकीन. त्यांचा सेट येऊ दे.”

आईने त्या दिवसांत मागितलेली ही एकच गोष्ट. म्हणून मी गोदामात गेले.

तिथे जाळीच्या खिडकीमागे एक अधिकारी बाई बसल्या होत्या. पार्सल त्यांच्यासमोर उघडंच होतं.

“या मॉडेलला आपल्याकडचं प्रमाणपत्र नाही,” त्या म्हणाल्या. “बाहेरचा सेट आधी प्रयोगशाळेत तपासावा लागतो. भलत्या लहरींवर गेला तर विमानवाल्यांना त्रास, अँब्युलन्सवाल्यांना त्रास. परवानाधारकाला स्वतःपुरता एक आणता येतो. कुठे आहेत ते?”

आईला काय ऐकायचंय ते सांगून मी मृत्यूचा दाखला जाळीखालून सरकवला. त्यांनी तो पूर्ण वाचला आणि पेनाला टोपण लावलं.

“मग अवघड आहे. परवाना वारसाच्या नावावर होत नाही, बाई. घर होतं, दुकान होतं. हा माणसाबरोबर जातो.” मग खोक्यावरचं लेबल माझ्याकडे वळवून म्हणाल्या, “सगळे इथे ‘खेळणं’ लिहायला सांगतात. यांनी दुकानदाराकडून चक्क ‘प्रक्षेपण करणारा रेडिओ’ लिहून घेतलंय. खेळणं लिहिलं असतं तर केव्हाच घरी पोचला असता.”

“ते खोटं लिहीत नसत.”

“दिसतंय,” त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. थकवा होता.

मार्ग तीनच. परत पाठवा, नष्ट करू द्या, नाहीतर प्रयोगशाळेकडून त्याचा बोलण्याचा भाग काढून घ्या. फक्त ऐकणाऱ्या सेटला परवाना लागत नाही.

येताना मी शिंपीकाकांच्या दुकानात थांबले. गळ्यात टेप, तोंडात टाचण्या. त्या काढून ते म्हणाले, “कशाला मोडतोड? माझ्या नावावर सोडवू. मीच मागवायला सांगितला होता म्हणतो. एका सहीचं काम.”

घरी येऊन आईला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, त्यात अजून बाबांचे सदरे होते.

“त्यांच्या मागे खोटी सही?” ती म्हणाली. “जन्मभर मला त्या बटणाला हात लावू दिला नाही त्या माणसाने. आणि मला बोलायचंय कुणाशी? ऐकता आलं की झालं.”

प्रयोगशाळा म्हणजे एका जिन्याखालची लांबट खोली होती. तंत्रज्ञाने भिंग डोळ्याला लावून सेट उघडला, आतून मुगाएवढा काळा तुकडा उपटला आणि कागदात बांधून मला दिला. “हा याचा घसा,” तो म्हणाला. मी हसले नाही, तशी त्याने मान खाली घातली. “बटण राहू देतो. काढलं तर भोकातून ओल आत शिरेल. दाबलं तरी बाहेर काही जाणार नाही.” मग पाठीवर पट्टी चिकटवली: फक्त ऐकण्यासाठी.

दुसऱ्या दिवशी अधिकारी बाईंनी शिक्का मारला. सेट माझ्या हाती देताना त्या एवढंच म्हणाल्या, “मोठा ठेवा आवाज. आईंना ऐकू येईल असा.”

शिंपीकाकांना मी निरोप दिला. सकाळी आईने खिडकीतला डबा बाजूला करून जुन्या जागी सेट ठेवला. चहाचे कप तीन मांडले. मी पाहिलं, तिनेही पाहिलं. एक उचलून ठेवायचं कुणाला सुचलं नाही.

बेकरीवाल्याचं ‘हजर’ आलं. मग शिंपीकाका खाकरले आणि बाबांची कॉल साइन त्यांनी अक्षर अक्षर सुटं करून म्हटली. नुसती खरखर. आई ओट्याला धरून उभी होती.

दुसरी हाक. पुन्हा खरखर.

“आता दाबलं तर चालतं ना?” आईने मला विचारलं. “कायद्याने?”

“चालतं.”

तिने सेट उचलला, अंगठ्याने बटण दाबलं आणि तोंडाजवळ नेला. अंगठा तसाच दाबून धरून ती तिसऱ्या कपाकडे बघत राहिली. मग अगदी रोजच्यासारखं म्हणाली, “चहा गार होतोय.”

खरखर थांबली होती. ती का थांबली ते माझ्या ध्यानात आलं तेव्हा उशीर झाला होता. मी तिचा अंगठा उचलला. सेटमधून शिंपीकाकांचा आवाज आला, “...पुढे शाळेच्या बाई,” आणि बाईंनी हळू आवाजात ‘हजर’ म्हटलं.

आई सेटकडे बघत राहिली. जे घरात सगळ्यांना पाठ होतं ते तिलाही आठवलं असावं.

“तिसरी दिली त्यांनी?”

“मी ऐकली नाही,” मी म्हणाले. तेवढं खरं होतं.

“मग राहिली असेल.”

मी दुकानात जाऊन विचारलं नाही. शिंपीकाकांनीही काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी हजेरीत बेकरीवाल्यानंतर लगेच शाळेच्या बाई आल्या. तेव्हा आईचं तोंड न्हाणीघराच्या दाराकडे होतं आणि “अहो” एवढंच तिच्या तोंडून निघालं होतं.