आधी तुम्ही सोडा

आमचे दातांचे डॉक्टर दिवसातून तीस-चाळीस वेळा एकच वाक्य म्हणतात, "जबडा सैल सोडा." म्हणून झालं की मास्कच्या आड स्वतःचे दात करकचून आवळतात. लाळ ओढायची नळी धरून मी शेजारीच असते. त्यांच्या कानशिलावरची उडती शीर मला दिसते.

चार वाजले की डॉक्टरांच्या डोक्याला पट्टा आवळल्यासारखं व्हायचं, सहाला गोळी. नजर ठीक, रक्तदाब ठीक. शेवटी वहिनींनी, म्हणजे डॉक्टरांच्या बायकोनं, निर्वाणीचं सांगितलं, "महिनाअखेर हे थांबलं नाही, तर संध्याकाळचा दवाखाना बंद." डॉक्टरांचा जीव नेमका संध्याकाळीच अडकलेला. नोकरदार माणसं तेव्हाच येतात ना!

फिजिओथेरपीच्या बाईंनी व्यायाम दिला: खांदे वर, पाच आकडे थांबा, सोडा, मग जबडा, मग लांब श्वास सोडा. डॉक्टर तो जेवणाच्या सुट्टीत करायचे, समोर घड्याळ, कपाळावर आठ्या.

"डॉक्टर, आराम करताय की परीक्षा देताय?"

"ताई, मधे बोलू नका. तिसरा आकडा चुकला माझा."

गोळी घेतली की मी कॅलेंडरवर टिंब द्यायचे. दहा दिवसांत आठ टिंबं. आरामाची प्रगती ही अशी.

अकराव्या दिवशी एक शाळामास्तरीण आल्या. दाढ किडलेली आणि तोंड घट्ट मिटलेलं. डॉक्टरांनी आपलं वाक्य तीनदा म्हटलं. मग बाईच वर्गात बोलावं तशा बोलल्या, "आधी तुम्ही सोडा. तुमचं कानशील बघून माझाच जबडा आवळतोय."

मला हसू आवरेना. डॉक्टरांनी हातातलं हत्यार ट्रेमध्ये ठेवलं. खांदे खाली आले, जबडा सुटला, मास्क फुग्यासारखा फुगला. बाईंनीही तसंच केलं, आणि तोंड उघडलं.

तेव्हापासून डॉक्टर ते वाक्य आधी स्वतः पाळतात. चाळीस पेशंट, चाळीस वेळा, घड्याळाविना.

महिनाअखेर वहिनी कॅलेंडर तपासायला आल्या. उरलेल्या वीस दिवसांत दोन टिंबं.

"ताई, यात तुमची मेहेरबानी किती?"

"टिंबं माझी, डोकं त्यांचं."

"बरं, दवाखाना चालू ठेवा. पण सातला कुलूप."

"साडेआठ!" डॉक्टर म्हणाले, आणि शीर उडाली. मी नुसतं माझ्या कानशिलावर बोट ठेवलं.

त्यांनी खांदे सोडले, जबडा सोडला, लांब श्वास सोडला. त्याबरोबर दीड तासही सुटला.

"सात तर सात," ते म्हणाले, आणि चक्क हसले.