दानम्माची गाऱ्हाणी आणि मी

मित्रांनो, मी एक वय झालेली पंढरपुरी म्हैस आहे. माझं नाव हौसा. माझी शिंगं इतकी लांब आहेत की गल्लीत मी मान वळवली तर माणसं भिंतीला चिकटतात. आता मी दूध देत नाही. कोल्हापुरातल्या एका गोठ्यात सावलीला बसून रवंथ करते. बसल्या बसल्या जे आठवतं ते तुम्हाला सांगते. मी नदीचा पूर पाहिला आहे, वीज पडताना पाहिली आहे. पण माणसांचं जेवढं नवल वाटलं तेवढं मला कशाचंच वाटलं नाही.

सांगोल्याच्या बाजारातून मला इथं आणलं तेव्हा मी वगार, म्हणजे अजून न व्यालेली तरणी म्हैस, होते. चन्नाप्पा गवळी आणि त्याची बायको दानम्मा दोघं बाजाराला आले होते. चन्नाप्पानं माझी शिंगं पाहिली, दात पाहिले, शेपटी ओढून पाहिली. दानम्मानं फक्त माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि म्हणाली, "हिला घेऊया. ही ऐकून घेणारी दिसतीया."

चन्नाप्पा हसला. "म्हशीनं दूध द्यायचं असतं. ऐकायला आमी हाय की."

दानम्मानं माझा कासरा हातात घेतला.

माझे कामाचे दिवस चांगले गेले. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे म्हशी सजवून रस्त्यावर पळवतात. मालक मोटारसायकलवर पुढं आणि म्हैस त्याच्यामागं. माझ्या शिंगांना मोरपिसं बांधून चन्नाप्पा सुसाट निघायचा आणि मी त्याच्या मागच्या चाकाला नाक लावून पळायची. लोक शिट्ट्या मारायचे. चन्नाप्पाची छाती फुगायची.

रोज संध्याकाळी आम्ही कट्ट्यावर जायचो. कोल्हापुरात गिऱ्हाइकासमोर म्हशीची धार काढतात आणि फेसाळ दुधाचा पेला तिथंच त्याच्या हातात देतात. भोवती रिक्षांचे भोंगे, पोरांचा दंगा. आमच्या जातीच्या म्हशींना त्याचं काही वाटत नाही. चन्नाप्पा पुढं उभा राहून गिऱ्हाइकांशी मोठमोठ्यानं बोलायचा. दानम्मा माझ्या पोटाला कपाळ टेकून धार काढायची. तेव्हा तिचे ओठ हलत असायचे.

"आमच्या मंडळी धार काढताना देवाची वचनं म्हणत्यात," चन्नाप्पा गिऱ्हाइकांना सांगायचा. "म्हणून दूध गोड हाय." एक म्हातारे गृहस्थ तर पेला घेण्याआधी दानम्माकडं बघून हात जोडायचे.

मित्रांनो, ती वचनं नव्हती. मला माहीत आहे, कारण ती मलाच सांगत होती. "आज परत नळाला पानी न्हाय. ह्यांनी ओला टॉवेल परत गादीवर टाकला. आपल्या लेकीच्या, पवित्राच्या सासूनं फोनवर तीनदा इचारलं, लोणच्यात मीठ कमी कसं. त्या पैलवानाला नुसता फेस पायजे, खाली दूध हाय का न्हाय बघत बी न्हाय. माझा गुडघा दुखतोय हे कुणाला सांगू?" धार संपेपर्यंत हे चालायचं. चरवी भरायची आणि ती मोकळी व्हायची. मग तोंडावर पाणी मारून ती उठायची आणि घरात हसत जायची. तिनं घरात आवाज चढवलेला कुणी ऐकला नव्हता. एवढं सगळं पोटात ठेवून माणूस हसू कसं शकतं, याचं मला नवल वाटायचं.

मग तो आजार आला.

एका सकाळी शहर गप्प झालं. असं गप्प शहर मी कधी पाहिलं नव्हतं. रस्त्याच्या मधोमध कुत्री झोपली होती. हवा इतकी स्वच्छ झाली की गोठ्याच्या दारातून जोतिबाचा डोंगर धुऊन ठेवल्यासारखा दिसायचा. जी माणसं पाडव्याला माझ्या शिंगांसमोर बेधडक उभी राहायची, ती आता शेजाऱ्याच्या शिंकेला घाबरून दार लावून घेत होती. एवढीशी, डोळ्याला न दिसणारी गोष्ट, आणि एवढं मोठं शहर दाराआड. मी रवंथ करायचं विसरून बघत राहायची.

कट्टा बंद झाला. दूध घरोघर जाऊ लागलं. दानम्माची गाऱ्हाणी वाढली. "ह्या मास्कनं कान सोलपटलं गं. भाजीवाला आठवड्यातनं दोनदा येतोय, त्यो बी वांगीच घेऊन. गिऱ्हाईक किटली दाराबाहेर ठेवतंय आनि खिडकीतनं बघतंय, जनू मीच रोग हाय. पवित्रा हितं कागलला ऱ्हातीया, तिचं पोर वर्साचं झालं, अजून मांडीवर घेतलं न्हाय मी." मी कान हलवत ऐकायची.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात मी पाचव्यांदा व्यायले. रेडकू आठ दिवसांत गेलं. रेडकू नसेल तर म्हैस सहजी पान्हा सोडत नाही. मी सोडला तो दानम्मासाठी. दुसऱ्या कुणाला मी कासेला हात लावू दिला नाही.

आणि वैशाखात दानम्माला ताप आला. चौथ्या दिवशी दवाखान्याची गाडी आली. ती चालत गाडीपर्यंत गेली. जाताना गोठ्याच्या दारात थांबली, आत आली नाही. लांबूनच म्हणाली, "हौसा, जाऊन येते."

ती आली नाही. चन्नाप्पाला तिचं तोंड पाहता आलं नाही. पवित्राला कागलहून येता आलं नाही. जे काही करायचं ते अनोळखी माणसांनी पांढरे प्लॅस्टिकचे कपडे घालून केलं. मोठ्या आवाजाचा चन्नाप्पा गोठ्यात आला आणि रिकामी चरवी हातात धरून उभा राहिला.

त्या संध्याकाळपासून माझं दूध आटलं म्हणा किंवा अडलं म्हणा. मी ते मुद्दाम केलं नाही, एवढा माझ्यावर विश्वास ठेवा. कास भरलेली होती, ठणकत होती. चन्नाप्पा बसला, त्यानं सड धरले, आणि अंगातून काहीच खाली उतरेना. बाकीच्या तीन म्हशी त्याला दूध देत होत्या. मीच नाही.

शेजारची तानाबाई कुंपणापलीकडून, नाकावर पदर धरून म्हणाली, "भावजी, तिचं लुगडं गुंडाळून बसा की. जनावर वासावर असतंय."

चन्नाप्पा खरंच दानम्माचं इरकल लुगडं गुंडाळून आला. सहा फुटांचा, पिकल्या मिशांचा माणूस. तानाबाईनं पदर डोळ्यांपर्यंत ओढला, हसू लपवायला की रडू लपवायला ते मला कळलं नाही. पण लुगडं धुतलेलं होतं. त्याला साबणाचा वास येत होता. त्यानं तिच्या बांगड्या चढवायला घेतल्या, त्या त्याच्या हाताच्या हाडाशीच फुटल्या.

मग त्याला वचनं आठवली. त्यानं पवित्राला फोन लावला. "तुझ्या आईवानी म्हन की चार वचनं. म्हैस अडून बसलीया."

"अप्पा, आई कुठली वचनं म्हणायची?"

"ते मला काय ठावं? मी पुढं गिऱ्हाइकात असायचो."

पवित्रानं आठवतील ती वचनं म्हटली. फोन माझ्या पाठीवर ठेवून चन्नाप्पा धार काढायला बसला. पोरीचा आवाज गोड होता, पण मधेच भरून येत होता. मी खूप प्रयत्न केला. काही झालं नाही.

जनावरांचे डॉक्टर आले, सुई दिली, कास रिकामी केली. जाताना म्हणाले, "अण्णा, रोज सुई देता येत नाही. दोन दिवसांत तिनं आपणहून सोडलं नाही तर कास जाईल."

कास गेलेल्या म्हशीला खाटकाकडं जावं लागतं, ते तुम्हाला सांगायला नको. दुसऱ्या दिवशी जनावरांचा व्यापारी बाळासो आला. त्यानं कास चाचपली. "दगडावानी झालीया की. अण्णा, उद्या सकाळी टेम्पो आनतो. बाजार बंद हाय, तरीबी कुठंतरी लावून देतो. तुझा जीव कशाला जाळतोस?"

चन्नाप्पा म्हणाला, "ही तिची म्हैस हाय रं."

"म्हनूनच म्हनतोय. तुझ्या डोळ्यांम्होरं मरायला नको."

चन्नाप्पानं मान खाली घातली. तो होकारच होता.

त्या संध्याकाळी तो शेवटची धार काढायला बसला. मिळेल अशी आशा नव्हती, सवयीनं बसला. आज त्यानं लुगडं गुंडाळलं नव्हतं, फोन आणला नव्हता. त्याच्या अंगाला कडब्याचा आणि करपलेल्या भाताचा वास येत होता. त्यानं माझ्या पोटाला कपाळ टेकवलं आणि एकदम फुटल्यासारखा बोलू लागला.

"भात करपला. परत करपला. दोन शिट्ट्या का तीन, कुनाला इचारू? लशीच्या रांगेत सकाळी सहाला उभा ऱ्हायलो, माझा नंबर आला आनि म्हनत्यात संपली, उद्या या. उद्याबी तेच म्हंत्याल. नाक्यावर हवालदारानं अडवलं, कुठं निघालास म्हनं. किटली दिसंना व्हय त्याला? जो येतोय त्यो फोनवरनं शिकवतोय, काढा प्या, वाफ घ्या, धीर धरा. आरं कशाला धरू? कुठं धरू? घरात गेलो की भांडं पडल्याचा बी आवाज न्हाय. आनि ती! जाऊन येते म्हनली! मला न्हाय, तुला म्हनली! मी दारात उभा हुतो की! माझ्याकडं बघून नुसती हसली. कधी सांगितलं न्हाय काय दुखतंय, काय खुपतंय. तीस वर्सं. येकदा तरी भांडायचं हुतं माझ्यासंगं."

मित्रांनो, माझ्या अंगातून काहीतरी सरकलं. पोटावर टेकलेलं कपाळ, कपाळातून येणारी ती थरथर, आणि न थांबता चाललेलं गाऱ्हाणं. माझी कास ते ओळखत होती. चरवीत पहिली धार पडली ती त्याला कळलीच नाही. तो बोलत होता, हात आपोआप चालत होते. मग फेस वर आला, त्याच्या बोटांना ऊब लागली, आणि तो चपापून गप्प झाला.

तो गप्प झाला तशी धार थांबली.

त्यानं खाली पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. परत कपाळ टेकवून हळूच म्हणाला, "नळाला... नळाला बी पानी न्हाय आज." दूध आलं. "शेजारचं कुत्रं रातभर भुकतंय." दूध आलं. "त्या बाळासोचं तोंड बघवत न्हाय मला." भरपूर आलं.

चरवी भरल्यावरही तो उठला नाही. मग अगदी बारीक आवाजात म्हणाला, "म्हंजे ती वचनं म्हनत नव्हती."

मी कान हलवला.

"माझं बी सांगत असंल तुला. काय म्हनायची गं माझ्याबद्दल?"

मला वाचा असती तर त्या क्षणी मी सांगितलं असतं. टॉवेलचं सांगितलं असतं, आणि तिला तो पाडव्याला मोटारसायकलवर किती रुबाबदार दिसायचा तेही सांगितलं असतं. कारण गाऱ्हाण्यांच्या मधे मधे तेही असायचं. पण मी जनावर. मी त्याचा खांदा चाटला. खरबरीत जिभेनं त्याचा सदरा ओला झाला. तो तिथंच बसून पोटभर रडला. आजारानं त्याला रडायलाही सवड दिली नव्हती.

सकाळी बाळासो टेम्पो घेऊन आला. दारातच थबकला. चन्नाप्पा माझ्या पोटाला डोकं लावून सरकीच्या पेंडीबद्दल तक्रार करत होता आणि चरवीत धारा पडत होत्या.

"अण्णा, हिला गाऱ्हानी खायला घालतोयस व्हय?"

"गप, मधी बोलू नगंस. अडतीया ती."

बाळासो पलीकडच्या बाजूला उभा राहिला. थोडा वेळ पाय बदलत राहिला. मग आपणहूनच म्हणाला, "माझी बी कर्म काय कमी हायत व्हय? वरीस झालं, जनावरांचा बाजार न्हाय. घरात बसून बायकोची बोलनी खातोय. कालपास्नं ती बोलायची बी बंद झाली, ते तर लई वंगाळ..." तो बोलत राहिला. चन्नाप्पानं मधे एकदाही तोंड घातलं नाही. टेम्पो रिकामाच परत गेला, पण बाळासो जाताना हलका दिसत होता.

पुढं तानाबाई येऊ लागली. कुंपणापाशी उभी राहून सुनेचं सांगायची, स्वतःच्या धापेचं सांगायची. आधीचा चन्नाप्पा असता तर त्यानं दुसऱ्या वाक्यालाच उपाय सांगितला असता. आता तो तिच्याकडं तोंड करून उभा राहायचा, आणि तिचं संपेपर्यंत हालायचा नाही. एका संध्याकाळी पवित्राचा फोन आला. ती म्हणाली, "अप्पा, काही नाही, सहजच केला." पूर्वी यावर तो "बरं, ठेव मग" म्हणायचा. त्या दिवशी तो माझ्याशेजारी गवताच्या भाऱ्यावर बसला आणि म्हणाला, "सहज कोन फोन करत न्हाय बाळ. बोल. मला घाई न्हाय."

पलीकडं आधी नाक ओढल्याचा आवाज आला. मग पोर बोलू लागली. आईचं, सासूचं, पोराच्या दातांचं, रात्री झोप लागत नाही त्याचं. सूर्य खाली गेला तरी ती बोलत होती. चन्नाप्पा नुसता "हूं" म्हणत होता. मी त्याच्याकडं बघत राहिले. जो माणूस आयुष्यभर कट्ट्यावर बोलत आला, तो साठीत ऐकायला शिकला. मित्रांनो, याहून मोठी गोष्ट मी पाहिलेली नाही.

माझं दूध नंतर आणखी एक वेत, म्हणजे एका बाळंतपणापुरतं, टिकलं, मग थांबलं. चन्नाप्पानं मला विकलं नाही. बाळासोनंही पुन्हा विचारलं नाही.

तुमच्या घरातही कुणीतरी असेल, जे सगळ्यांचं करतं आणि तक्रार करत नाही. त्याला तक्रारी नसतात असं समजू नका. त्या कुठंतरी, कुणाच्यातरी पोटाला कपाळ लावून सांगितल्या जात असतात. ते पोट तुमचं असू द्या. जवळ बसा, हातातलं काम थांबवा, आणि सगळं बोलून होईपर्यंत ऐका. उत्तर दिलंच पाहिजे असं नाही. मला तरी कुठं देता येतं?