गादीवर सापडलेला कारकून

गाद्यांच्या कारखान्यात कामाच्या वेळी झोपला म्हणून ज्याची नोकरी गेली, असा माणूस बहुधा मी एकटाच.

एकोणीस वर्षं मी तिथल्या ऑफिसात कारकून होतो. कामावरून काढल्याची पत्रं टाइप करणं माझ्याकडेच होतं. ‘आपणांस आपले म्हणणे मांडण्याची पुरेशी संधी देण्यात आली होती’ हे वाक्य तर बोटांना पाठ झालेलं. संधी खरंच दिली होती का, असं विचारावंसं मला कधी वाटलं नाही. शुद्धलेखन मात्र कटाक्षाने तपासायचो.

त्या मंगळवारी दुपारी तपासणी विभागाच्या मुकादमाने मला बोलावलं. नवी गादी किती दबते ते पाहायला भारदस्त माणूस हवा होता. भारदस्त हा मुकादमाचा शब्द. खरा शब्द त्याने गिळला. मी आडवा झालो. गादी उत्तम निघाली. डोळे उघडले तेव्हा मुकादम चहाला गेलेला आणि समोर नवे मॅनेजर कमरेवर हात ठेवून उभे.

दुसऱ्या दिवशी पत्र हातात पडलं. माझाच जुना मसुदा काढून मॅनेजरांनी स्वतः टाइप केलेलं. ‘पुरेशी संधी’ होतीच. एका ठिकाणी तर आधी काढलेल्या माणसाचं नाव तसंच राहिलं होतं. नोकरी गेल्याचं दुःख नंतर झालं. आधी राग आला तो त्यांनी लिहिलेल्या ‘कामचूकार’मधल्या दीर्घ चूचा.

घरी बायकोने विचारलं, “का झोपला होतात, ते सांगितलं नाहीत?”

“कोणी विचारलंच नाही.”

“मग आपणहून सांगायचं!”

“वजन सांगावं लागलं असतं गं.”

ती उसळलीच. “म्हणजे नोकरी गेली तरी चालेल, पण पोट झाकलेलं हवं! अहो, ते झाकलंय असं वाटतं तरी का तुम्हाला?”

तिनेच मला शिलाई विभागातल्या ताईंकडे पिटाळलं. ताईंना तीन वर्षांपूर्वी असंच तडकाफडकी काढलं होतं. त्या कोर्टात भांडून परत आल्या, तेव्हापासून सगळे त्यांना वकीलताई म्हणत. मी गेटवर त्यांना गाठलं आणि मान खाली घालून म्हणालो, “ताई, तुमचं पत्र मीच टाइप केलं होतं.”

“माहितीये. छान केलं होतंत. जजसाहेबांना वाचायला अजिबात त्रास झाला नाही.”

मग त्यांनी मला समोर बसवून अर्ज लिहायला लावला. “आरोप लेखी मागा. उत्तराला मुदत मागा. साक्षीदार आणायची आणि सोबत माणूस घ्यायची परवानगी मागा. आणि ज्याने पकडलं त्यानेच निकाल द्यायचा नाही, हे ठळक लिहा.”

हे सगळं कारखान्याच्या नियमावलीतच होतं. ती नियमावली माझ्याच टेबलावर असायची. पंख्याने कागद उडू नयेत म्हणून मी ती त्यांच्यावर ठेवायचो.

अर्ज वाचून मॅनेजर भडकले. “चौकशी कसली? मी डोळ्यांनी पाहिलंय!”

“मग तुम्ही साक्षीदार झालात, साहेब,” ताई शांतपणे म्हणाल्या. “निकाल द्यायला दुसरं कोणीतरी आणा. नाहीतर आम्ही कामगार ऑफिसात जातो.”

पंधरा दिवसांनी कॅन्टीनशेजारच्या खोलीत चौकशी झाली. निकाल द्यायला बाहेरचे एक निवृत्त अधिकारी आले होते. मॅनेजरांनी आपलं पाहिलेलं सांगितलं. मुकादमाने तपासणीचं रजिस्टर उघडून वाचलं, “भार एकशे चार किलो, वेळ दहा मिनिटं.”

“हा भार म्हणजे काय?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

खोलीतल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी उभा राहिलो. “मी, साहेब.”

कोणीतरी फिस्सकन हसलं. मला वाटतं, मॅनेजरच.

“झोप लागली होती का?”

‘नाही’ अगदी जिभेवर आलं होतं. ताईंनी माझ्याकडे असं काही पाहिलं, की मी खरं बोललो. “लागली, साहेब. आडवं व्हायला मुकादमाने सांगितलं होतं. झोपलो मात्र माझा मी.”

आठवड्याने निकाल आला. काढून टाकणं रद्द, झोपेबद्दल लेखी ताकीद. ताकीद मला पटली. माझं ऐकून घेऊन दिलेली होती ना! घरी बायकोला मी ती मोठ्याने वाचून दाखवली, बक्षीस मिळाल्यासारखी.

पुढच्याच महिन्यात मॅनेजरांनी एका ड्रायव्हरला काढायचं पत्र टाइप करायला सांगितलं. मी ताठ मानेने ठणकावलं, असं लिहायला आवडलं असतं. प्रत्यक्षात तोंडून चिरका आवाज निघाला, “साहेब, याची चौकशी कधी ठेवायची?”

त्यांनी समोरचं कॅलेंडर ओढून घेतलं. मी आधाराला टेबलाला टेकलो, आणि एवढं वजन टेकलं की टेबलही हलतं.

“सोमवारी ठेवा,” शेवटी ते म्हणाले.

मी ड्रायव्हरची नोटीस टाइप करायला घेतली आणि आधी त्यालाच फोन करून विचारलं, “सोबत कोणाला आणणार आहेस?”